साजूक तुपातल्या गोळ्या

लग्न होऊन मुलुंडच्या घरी आले तेव्हा सासूबाईंनी मला पहिल्याच दिवशी सगळं घर दाखवलं. पाण्याचं पिंप, रॉकेलचा डबा, देवघर, कोकमाच्या बरण्या. एक वस्तू मात्र दाखवायची राहून गेली. ती मला तिसऱ्या महिन्यात सापडली, कपाट आवरताना, त्यांच्या लग्नातल्या शालूखाली. कापडी पिशवीत काहीतरी जड होतं. मला वाटलं खलबत्त्याचा बत्ता असेल. पिशवी उघडली तर आत रिव्हॉल्व्हर.

मी पिशवी होती तशी ठेवली आणि स्वयंपाकघरात गेले.

"आई, कपाटात ते काय आहे?"

"खय?"

"शालूखाली."

"ता होय? ता ह्येंचा पिस्तूल," त्या म्हणाल्या, आणि माझ्यापुढे कोथिंबिरीची जुडी सरकवली. "ही निवड."

मामंजी, म्हणजे माझे सासरे, परळच्या एका गिरणीत पहारेकऱ्यांचे मुख्य होते. पगाराच्या दिवशी फोर्टातल्या बँकेतून रोख रकमेची ट्रंक टॅक्सीत घालून गिरणीत आणायची, हे त्यांचं काम. वीस वर्षं त्यांनी ते केलं. त्यासाठी गिरणीनंच त्यांच्या नावावर लायसन काढून दिलं होतं आणि हे विलायती हत्यारही. नळी आखूड, वीतभरही नसेल, पण तोंड एवढं रुंद की माझी करंगळी सहज आत गेली असती. पुढे संप झाला, गिरणी बंद पडली. मामंजी ते हत्यार परत करायला तीनदा जाऊन आले. घ्यायला तिथे कोणी नव्हतं.

त्या वर्षी लायसनच्या नूतनीकरणाची वेळ आली तेव्हा माझ्या नवऱ्यानं विषय काढला.

"अण्णा, विकून टाका ना ते. कशाला ठेवायचं घरात?"

"विकतो," मामंजी म्हणाले. "पण आधी एकदा वाजवतो."

आम्ही जेवता जेवता थांबलो.

"म्हणजे तुम्ही कधी वाजवलंच नाही?" मी विचारलं.

"कोणावर वाजवणार? कोणी आलंच नाही."

मामंजी मितभाषी माणूस. उंच, काटकुळे, गळ्यापर्यंत बटणं लावलेला सदरा. भाजीवाल्याशी घासाघीस करायचीसुद्धा त्यांना लाज वाटायची. अशा माणसानं आयुष्यात एक हट्ट धरला होता, त्यामुळे घरात कोणाला नाही म्हणवेना.

अडचण गोळ्यांची होती. गिरणीनं दिलेली सहा काडतुसं त्यांच्याकडे होती, पण ती न घासलेल्या तांब्याच्या भांड्यासारखी हिरवी पडली होती. मामंजी ती घेऊन फोर्टातल्या बंदुकांच्या दुकानात गेले. दुकानदारानं एक उचलून उजेडात धरलं आणि म्हणाला, "काका, ही लावू नका. ह्यांचं लोणचं झालंय." नवीन मिळतील का, तर या मापाची पूर्वी बाहेरून यायची, आता येत नाहीत. त्यानंच बोरिवलीच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या नेमबाजीच्या क्लबाचा पत्ता दिला. तिथे एक म्हातारे मिस्त्री होते. क्लबाच्या बंदुका दुरुस्त करणं आणि क्लबाच्या परवान्यावर काडतुसं भरणं, ही त्यांची दोन कामं.

मामंजींच्या सोबतीला मी गेले. नवरा शनिवारीही ऑफिसात असायचा, आणि खरं सांगायचं तर मला जायचंच होतं.

मिस्त्रींनी रिव्हॉल्व्हर हातात घेतलं, चक्र फिरवलं, कानाशी नेऊन खटका ऐकला. "झकास आहे. काडतुसाच्या रिकाम्या पुंगळ्या आहेत माझ्याकडे या मापाच्या, डबाभर. एक मेंबर सोडून गेले होते. दारू क्लबाची, ठिणगी पाडणाऱ्या टोप्या क्लबाच्या. भरून मी देतो. नाही ती एकच गोष्ट. पुढची गोळी."

"ती कुठे मिळेल?"

"मिळणार नाही. ओतावी लागेल. माझे डोळे गेले आता, मी ओतत नाही." त्यांनी खणातून एक पितळी साचा काढला. अडकित्त्यासारखा, लाकडी मुठींचा. मिटला की आत गोळीच्या आकाराचं भोक. "हा न्या. शिसं वितळवा, वरून ओता, थंड झालं की उघडा. पोरीलाही जमेल."

मामंजींना कायद्याची फार धास्ती. त्यांनी मिस्त्रींकडून क्लबाच्या कागदावर लिहून घेतलं की सभासदानं क्लबासाठी शिशाच्या नुसत्या गोळ्या ओतून देण्यास क्लबाची हरकत नाही. त्यासाठी ते आधी सभासद झाले. मग ते पत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्यांनी सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवलं. पुढचे दोन महिने ते तिथून हललं नाही. धुवायच्या सदऱ्यातून काढून नव्या सदऱ्यात, एवढाच त्याचा प्रवास.

शिसं मामंजींनी माहुलहून आणलं. गिरणीच्या दारात मासळी विकायला बसणारी एक कोळीण त्यांच्या ओळखीची होती. तिच्या घरी जुन्या जाळ्यांची शिसं पडून होती. मग कढईचा प्रश्न आला. मामंजींनी स्वयंपाकघरात डोकावून नुसतं पाहिलं, तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "माझी कढय मिळाची नाय. सांगून ठेवतंय." मीही त्यांचीच बाजू घेतली. शाळेत शिकले होते की शिसं विषारी, ज्या भांड्यात वितळवलं त्यात पुन्हा अन्न शिजवायचं नाही. शेवटी भंगारवाल्याकडून कान तुटलेली लोखंडी कढई आणली आणि मी तिच्यावर लाल रंगानं फुली मारली.

रविवारी सकाळी आम्ही गच्चीवर स्टो पेटवला. मे महिना होता. गच्चीच्या अर्ध्या भागात सासूबाईंनी पोह्याचे पापड वाळत घातले होते आणि कावळे हाकायला त्या स्वतः काठी घेऊन बसल्या होत्या. मी नवऱ्याचा स्कूटरवरचा गॉगल लावला होता, मामंजींनी हातात जाड कापडी मोजे. शिसं हळूहळू बसलं, मग एकदम पातळ झालं, आरशासारखं. मामंजींनी पळीनं साच्यात ओतलं, शंभरपर्यंत मोजलं आणि साचा उघडला.

जे बाहेर पडलं त्याला गोळी म्हणवत नव्हतं. सुरकुतलेलं, अर्धवट, एका बाजूला पोकळ. सुकलेल्या मनुक्यासारखं. दुसरी तशीच, तिसरी तशीच. मामंजींचा चेहरा पडला.

"मिस्त्री म्हणाले होते सोपं आहे," ते पुटपुटले.

सासूबाई इतका वेळ पाठ करून बसल्या होत्या. त्यांनी मान वळवून त्या गोळ्यांकडे पाहिलं.

"साचो तापलो नाय," त्या म्हणाल्या.

"काय?"

"तवो तापलो नाय तर पयलो घावनो तव्याक चिकाटताच. तसाच ह्या. साचो आधी तापवा. पयले तीन परत कढयेत टाका आणि मग बघा."

मामंजींनी साच्याचं तोंड कढईच्या काठावर धरून तापवलं. पहिल्या तीन परत टाकल्या. चौथी गोळी बाहेर पडली ती गुळगुळीत, गोलाई धरून, कडेच्या दोन्ही खाचा स्पष्ट. मी गॉगल वर करून पाहतच राहिले. मामंजींनी बायकोकडे अशा नजरेनं पाहिलं की मला दुसरीकडे बघावं लागलं.

"तुमका जमाचा नाय. सरका," सासूबाई म्हणाल्या आणि काठी त्यांच्या हातात दिली.

त्या दिवसापासून गोळ्या सासूबाईंनी ओतल्या आणि कावळे मामंजींनी हाकले. सासूबाईंचा हात बसला होता. ओतायच्या एका धारेत, मध्ये थांबायच्या नाहीत. साचा उघडून गोळी जुन्या गोधडीवर पाडायच्या आणि लगेच तिच्यावरून नजर फिरवायच्या. बारीकशी सुरकुती दिसली तरी, "ह्या नाय चलाचा," आणि ती परत कढईत. मोदकाची कळी वाकडी आली की त्या मला जे तोंड करून दाखवत, तेच तोंड त्या गोळीला मिळे.

चाळीस गोळ्या घेऊन आम्ही मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी एक गोळी बोटात फिरवली. "वा! कोणी ओतल्या?"

"आमच्या मंडळींनी," मामंजी खाली बघत म्हणाले.

मिस्त्रींनी गोळीवर नख दाबलं. नख रुतलं. त्यांनी मान हलवली. "आकार फर्स्ट क्लास. पण शिसं मऊ आहे. नळीत चोळलं जाईल, सगळं आत चिकटून बसेल. ह्याला कडक शिसं पाहिजे. छापखान्यातलं. अक्षरांच्या खिळ्यांचं."

मामंजी माझ्याकडे वळले. मी आधीच हसायला लागले होते. माझ्या वडिलांचा घाटकोपरला छापखाना होता.

छापखाना म्हणजे एका गाळ्यात एक पायानं चालवायचं यंत्र, टाइपांच्या खणाखणांच्या लाकडी केसा आणि बाबा. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, मंडळांच्या वर्गणीची पत्रकं. पण समोरच्याच गल्लीत ऑफसेटवाला आला होता आणि बाबांकडे काम कमी झालं होतं. झिजलेले खिळे पेट्यांमधून पडून होते. बाबा ते भंगारात घालणार घालणार म्हणत होते आणि घालत नव्हते.

माझे वडील आणि मामंजी एकमेकांना फार जपून असत. व्याही म्हणजे तोलून मापून बोलायचं नातं. मामंजी तिथे गेले तेव्हा बाबांनी यंत्र थांबवलं, हात पुसले, चहा सांगितला. चहा पिऊन झाला तरी मामंजी विषय काढेनात. शेवटी मीच सांगितलं.

"गोळ्या?" बाबा म्हणाले. "खिळ्यांच्या?"

"तुमची हरकत नसेल तर," मामंजी म्हणाले. "झिजलेलेच द्या."

"हरकत कसली? न्या की." बाबांनी एक पेटी ओढली, चष्मा लावला आणि पेटीत हात घातला. मग थांबले. "एक मिनिट हं. श्री काढतो आधी. श्रीची गोळी नको."

"नको, नको," मामंजी घाईघाईनं म्हणाले.

बाबांनी सगळे श्री वेचून काढले. मग ओम काढले. मग गणपतीचे ठसे. मग 'शुभविवाह'. ते हातात घेऊन म्हणाले, "ह्यानं किती संसार उभे केले असतील." बाजूला ठेवलं. मग 'अ' कडे वळले. "मुलं अ पासून शिकतात. अ राहू दे." मग ळ. "ळ आता मिळतच नाही कुठे." अर्धा तास असा गेला. मामंजी रिकामी पिशवी मांडीवर घेऊन सरळ पाठीनं बसले होते.

"व्याही," ते शेवटी अगदी हळू म्हणाले, "मग उरलं काय?"

बाबांनी पेट्यांवरून नजर फिरवली आणि त्यांचा चेहरा उजळला. "इंग्रजी आहे ना!"

इंग्रजी टाइपांच्या दोन्ही केसा त्यांनी एका झटक्यात पिशवीत रिकाम्या केल्या. एबीसीडी, मोठी, छोटी, तिरकी, सगळी. "हे न्या. ह्याला कोणाची ना नाही." मग जरा विचार करून त्यांनी मराठीतल्या पूर्णविरामांचाही एक खण ओतला. "हेही घ्या. पूर्णविराम फार आहेत. पत्रिकेत लागत नाहीत."

पुढच्या रविवारी आम्ही इंग्रजी भाषा गच्चीवर वितळवली. या वेळी मात्र पाहुणा आला.

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी कुठल्यातरी मुंजीला निघाले होते. क्रीम रंगाचा नवा सफारी सूट, खिशात पेन, हातात आहेराचं पाकीट. धुराचा वास आला म्हणून ते गच्चीवर चढले. बघतात तर मी गॉगल लावून बसलेली, सासूबाईंनी पदर खोचून पळी धरलेली, मामंजींच्या हातात काठी आणि मध्ये कढईत चकाकणारं काहीतरी.

सेक्रेटरी जवळ आले, वाकले, आणि आवाज एकदम खाली आणून म्हणाले, "चांदी?"

"शिसं," मामंजी म्हणाले.

"बघा, चांदी असेल तर सांगा. माझ्यापाशीच राहील."

"अहो, शिसं आहे. गोळ्या ओततोय."

"कसल्या?"

"पिस्तुलाच्या."

सेक्रेटरी ताठ झाले. मामंजींनी लगेच खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली आणि पत्र त्यांच्या हातात दिलं. सेक्रेटरींनी ते दोनदा वाचलं, उलटून मागची कोरी बाजूही वाचली. "क्लबाची हरकत नाही, ठीक. पण सोसायटीचं काय? नियमात बघावं लागेल. गच्चीवर गाद्या वाळवायला मनाई आहे, कुंड्यांना मनाई आहे. आता गोळ्या..."

त्याच वेळी वारा आला. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंची ओली चादर दोरीवर फडफडली आणि तिच्यातलं पाणी उडून थेंबभर कढईत पडलं. फट्ट! असा आवाज झाला की सगळे कावळे एकदम उडाले. शिशाचे शिंतोडे चारी बाजूंना गेले. आम्ही तिघं स्टोपासून लांब सरकून बसलेलो, म्हणून वाचलो. सेक्रेटरी मात्र कढईला अगदी लागून उभे होते.

"भाजला काय?" सासूबाईंनी घाबरून विचारलं.

सेक्रेटरींनी स्वतःला चाचपून पाहिलं. भाजलं कुठेच नव्हतं. पण विजारीला गुडघ्याच्या वर सात बारीक भोकं पडली होती आणि प्रत्येक भोकाच्या कडेला चकचकीत ठिपका थिजला होता.

"नवीन आहे हा," ते म्हणाले. त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "आजच घातलाय."

सासूबाईंनी वाकून नीट बघितलं. "टिकली लावल्यासारखे दिसतत. बरे दिसतत," त्या म्हणाल्या. त्यांना खरंच तसं वाटलं होतं, पण मी गॉगलच्या आत डोळे गच्च मिटून घेतले.

सेक्रेटरी मुंजीला जुन्या विजारीत गेले. संध्याकाळी जिन्याजवळच्या फळ्यावर नोटीस लागली: 'गच्चीवर कोणताही धातू वितळवू नये.' दोन दिवसांनी सासूबाईंनी ती विजार मागून आणली, उसवलेल्या शिवणीतून धागा काढून त्याच धाग्यानं सातही भोकं अशी रफू केली की सेक्रेटरींना स्वतःला सापडेनात. सोबत पापडांचा डबा. दुसऱ्या दिवशी फळ्यावरच्या नोटिशीत खडूनं एक शब्द घुसला होता. 'गच्चीवर पूर्वपरवानगीशिवाय कोणताही धातू वितळवू नये.'

आता एकच काम राहिलं होतं. गोळीच्या कडेनं ज्या खाचा असतात त्यांत वंगण भरायचं, नाहीतर शिसं नळीला घासतं. मिस्त्रींनी कृती सांगितली होती: मधमाशीचं मेण आणि चरबी. चरबी देवनारच्या कत्तलखान्यातून आणा, तिथे चांगली मिळते.

"घरात चरबी नाय," सासूबाई म्हणाल्या.

"गच्चीवर करू," मामंजी म्हणाले.

"गच्चीर पण नाय. माझे पापड आसत थय."

सासूबाई रोज मासे खात, पण चरबी हा शब्दही त्यांना घरात नको होता. मामंजींनी समजावलं, मी समजावलं. शेवटी त्या उठल्या, कुंकवाखाली लावायच्या मेणाचा मोठा गोळा काढला आणि फडताळातून तुपाची बरणी. घरी कढवलेलं, रवाळ, साजूक तूप. "चरबी ता चरबी आणि तूप ता तूप. निसरडा पण दोन्ही करता." मेण आणि तूप एकत्र गरम करून त्यांनी बोटानं एकेका गोळीच्या खाचेत भरलं, अगदी पुरणाची पोळी लाटताना कडा दाबावी तसं. मिस्त्रींना सांगायचं नाही असं आमचं ठरलं. मिस्त्रींनी त्यातल्या बारा गोळ्यांची काडतुसं भरून दिली.

वाजवायच्या दिवशी आम्ही चौघं निघालो. मामंजी, सासूबाई, मी आणि माझे बाबा. बाबांना आपलं शिसं कुठे जातं ते बघायचं होतं. नवऱ्यानं ऑफिसात काम आहे असं सांगितलं. त्या दिवशी रविवार होता. सासूबाईंनी सोबत पोळ्या, बटाट्याची भाजी आणि आंब्याची फोड असा डबा घेतला, जणू जिजामाता उद्यानात निघालो आहोत.

मिस्त्रींनी रिव्हॉल्व्हर उघडून नळीतून आभाळ पाहिलं. मग खालून, मग पुन्हा वरून.

"साहेब, ह्यातून कधीच काही गेलं नाही," ते म्हणाले. "ठीक आहे, वाजवलं नसेल. पण चक्राच्या घरांत काडतूस वर्षानुवर्षं बसलं की कड उमटते. इथे ती पण नाही."

मामंजींनी घसा खाकरला. एकदा सासूबाईंकडे पाहिलं.

"मी भरतच नव्हतो," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"टॅक्सीत आम्ही तिघं मागे. मध्ये ट्रंक, एका बाजूला कॅशियर, एका बाजूला कारकून, आणि मी अर्धा कारकुनाच्या मांडीवर. हे कमरेला. तोंड सरळ त्याच्या पोटाकडे. परळचे खड्डे माहीतच आहेत तुम्हाला. मला वाटायचं, एका खड्ड्यात हे उडालं तर? त्याला दोन लहान मुली होत्या. म्हणून पहिल्या महिन्यातच काढून ठेवल्या गोळ्या."

"कुठे?" मी विचारलं.

"डब्यात. पोळ्यांच्या खाली, रुमालात बांधून."

सासूबाई बाकावरून उठल्या. त्यांच्या हातात पोळ्यांचाच डबा होता.

"रिकामी होती? वीस वर्षां रिकामी?"

मामंजींनी मान डोलावली.

"आणि मी दर पगाराक गावच्या वेतोबाक नारळ बोललंय! ह्येंच्या हातून कोणाक लागांदे नको, कोणाचो जीव जांदे नको! वीस वर्षां! आणि ती रिकामी! माका कधी सांगलास नाय!"

"कसं सांगणार? तुला वाटलं असतं, नवरा भित्रा आहे."

सासूबाईंनी डबा बाकावर ठेवला. मग खाली बसल्या. "भित्रेच आसास," त्या म्हणाल्या, पण त्या आवाजात राग नव्हता. मग उठून त्यांनी मामंजींचा चष्मा काढून पदरानं पुसला आणि परत त्यांच्या नाकावर ठेवला. "आता मारा. समोर बघून मारा."

मिस्त्री मामंजींच्या मागे उभे राहिले. आम्ही कानात कापूस घातला. मामंजींनी दोन्ही हातांनी रिव्हॉल्व्हर धरलं, हात सरळ केले, आणि मला दिसलं की त्यांनी डोळे मिटले आहेत.

आवाज असा आला की माझ्या छातीत धक्का बसला. रिव्हॉल्व्हर मामंजींच्या कपाळापर्यंत उसळलं, चष्मा खाली आला. समोरच्या मातीच्या बांधावर, लक्ष्याच्या कितीतरी वर, धुळीचा लोट उठला. मागून हळूहळू पांढरा धूर आमच्याकडे आला.

मिस्त्रींनी नाक वर केलं. "कोणी शिरा करतंय का?"

आम्ही तिघांनी सासूबाईंकडे पाहिलं.

"तुपाचा वास येतोय."

"साजूक आसा," सासूबाई म्हणाल्या. "घरचा."

मिस्त्रींनी आमच्या चौघांकडे आळीपाळीनं पाहिलं. चाळीस वर्षं ते हे काम करत होते. त्यांनी मामंजींच्या हातून रिव्हॉल्व्हर घेतलं, उघडलं, नळीत पाहिलं, आणि परत दिलं. "नळी स्वच्छ आहे," ते म्हणाले. "मारा दुसरी."

दुसरी गोळी लक्ष्याच्या लाकडी खुंटीला लागली आणि कागद एका बाजूनं लोंबू लागला. मिस्त्रींनी जाऊन तो नीट केला. तिसरी कागदाच्या कोपऱ्यात लागली. चौथी काळ्या वर्तुळाच्या आत, अगदी कडेला. बाबा बाकावरून उभे राहिले आणि म्हणाले, "हा पूर्णविराम असणार!"

मामंजींनी रिव्हॉल्व्हर टेबलावर ठेवलं आणि बाकावर येऊन बसले. उजवं मनगट डोळ्यांदेखत सुजत होतं.

"बरं झालं वीस वर्षांत कोणी आलं नाही," ते म्हणाले. "आला असता ना, तर तो सुटला असता आणि आमचा कारकून गेला असता."

मग ते हसायला लागले. मी त्यांना असं हसताना कधी पाहिलं नव्हतं. खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि आवाज अजिबात नव्हता. त्यांचं बघून बाबा हसायला लागले, आणि दोघं व्याही एकमेकांच्या पाठीवर थापा मारू लागले. लग्नात सुद्धा त्यांनी एकमेकांना नुसता नमस्कार केला होता.

मिस्त्री म्हणाले, एक सूनबाईंना मारू दे, मी हात धरतो. मी मारली. ती कुठे गेली ते आजपर्यंत कोणाला कळलेलं नाही. कागदावर नव्हती, बांधावर धूळ उडाली नाही. बाबांनी बरंच शोधलं.

उरलेल्या सात गोळ्या मिस्त्रींनी स्वतः उडवल्या आणि सातही कागदावर घातल्या. तेवढ्यात सासूबाईंनी त्यांना विचारलं, "ता शिसां परत मिळात?" मिस्त्रींना आधी कळलंच नाही. कळल्यावर त्यांनी खुरपं आणून दिलं. नेमबाजी थांबल्यावर सासूबाई बांधापाशी बसल्या आणि रताळी काढावीत तशा माती उकरू लागल्या. पिशवीभर शिसं निघालं. कोणाकोणाच्या, किती वर्षांच्या गोळ्या होत्या देव जाणे.

मामंजींचं मनगट आठ दिवस शेकावं लागलं. सूज उतरल्यावर ते रिव्हॉल्व्हर घेऊन फोर्टात गेले. मीही बरोबर होते. दुकानदारानं विक्रीचा फॉर्म पुढे केला. हत्याराचा वापर किती, असा रकाना होता. मामंजी पेन धरून बराच वेळ थांबले. मग त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'चार वेळा. सात वेळा मिस्त्री. एक वेळ सूनबाई.' दुकानदारानं 'सूनबाई' खोडलं.

साचा परत द्यायला मी एकटीच बोरिवलीला गेले. मिस्त्रींनी तो घेतलाच नाही. क्लबातल्या दोघातिघांना त्या गोळ्या फार आवडल्या होत्या, आणि अजून दोनशे ओतून मिळतील का, असं ते विचारत होते. "फक्त त्या बाईंना सांगा," ते म्हणाले, "वास तेवढा..." मी घरी निरोप सांगितला. सासूबाई म्हणाल्या, चरबी पाहिजे असेल तर दुसरीकडे जावा. शेवटी क्लबाला तूपच चाललं.

दोन उन्हाळे त्यांनी क्लबासाठी गोळ्या ओतल्या, सेक्रेटरींच्या लेखी पूर्वपरवानगीनं. बाबांच्या केसा एकेक करून रिकाम्या झाल्या, मराठीसुद्धा, पण श्री आणि ळ त्यांनी शेवटपर्यंत दिले नाहीत. मग मिस्त्री रिटायर होऊन गावी गेले आणि त्यांच्या जागी आलेल्या माणसानं तयार काडतुसं मागवायला सुरुवात केली.

मामंजींचं लायसन रद्द झाल्याचं सरकारी पत्र त्यानंतरच्या पावसाळ्यात आलं. त्यांनी ते खिडकीशी उभं राहून वाचलं, घडी घातली आणि ट्रंकेत ठेवलं. मग सासूबाईंना विचारलं, काय आणू. बांगडे आणा, त्या म्हणाल्या, पण डोळे बघून आणा. मामंजी छत्री घेऊन बाजारात गेले.